कोरडेबाबांचं पांढरं कापड

"कोरडं! कोरडं!"

गंगापूर रोडवरच्या लॉनवर सातआठशे माणसं एका दमात ओरडली. स्टेजवर एका चेल्याने पांढरं कापड दोन्ही हातांनी उंच धरलं होतं. डाग नाही, ओल नाही, खडखडीत! त्या कापडावर तासभर मौन धरून बसलेले सुरगाण्याचे गोटीराम दोन चेल्यांच्या मधे उभे राहून डोळे पुसत होते.

सन दोन हजार चार. लग्नतिथी संपल्या की लॉन रिकामी पडते आणि रिकामी लॉन बाबालोकांना बरोबर सापडते. या बाबांचं खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन आणि वर किरणांचा शेक घेतल्यावर ज्यांची लघवी गळते, अशा पुरुषांना ते कोरडं करतात, म्हणून कोरडेबाबा.

"शरीर म्हणजे घडा!" बाबांनी माईक ओठांना लावला. "डॉक्टरने घडा फोडला, मशीनने भाजला! माझा दोरा तो घडा सांधतो. पण खबरदार! अंगात मशीनची आग आहे. सुई टोचली की भडकलीच समजा! रक्त द्यायचं नाही, तपासणी करायची नाही!"

तिसऱ्या रांगेत सावळीराम मान डोलवत होता. पुढचा नंबर त्याचाच होता.

सावळीराम म्हणजे नामपूरच्या कांदा बाजारातला लिलाव पुकारणारा. तीस वर्षं पुकारला. त्याने बेंबीच्या देठापासून बोली पुकारली की मोसम नदीच्या पलीकडची गुरं माना वर करायची. दीड वर्षापूर्वी ऑपरेशन झालं, मग शेक झाला. कॅन्सर हटला, पण खोकला की थेंब, हसला की थेंब, आणि मोठ्याने बोलला तर विचारूच नका. डॉक्टर म्हणाले होते, व्यायाम करा, धीर धरा, हळूहळू सुधारेल. धीर आणि सावळीराम यांची मात्र जन्मात गाठ पडलेली नव्हती. लिलाव सुटला, लग्नकार्यं सुटली, एसटी तर नकोच. तो नाशिकला मुलाच्या घरी येऊन आतल्या खोलीत बसला. "चाळीस वर्षं यांना गप्प करायला बघत होते," त्याची बायको अक्काबाई म्हणायची, "आता गप्प झालेत तर घर खायला उठतं."

आणि अकरा दिवसांपूर्वी बाबांचा दोरा मनगटाला बांधला. पथ्य एवढंच, दिवसाला दोनच पेले पाणी. गळणं जवळजवळ थांबलं! लघवीला गेलं की आग व्हायची, पण ती मशीनची आग बाहेर पडतेय असं बाबा सांगायचे.

"आबा, सोमवारी रक्त द्यायचंय," त्याची सून सरिता आजही लॉनवर येता येता म्हणाली होती. ती हायस्कुलात विज्ञान शिकवायची. "आजार परत डोकं वर काढतोय का, ते त्या तपासणीतच कळतं."

"सुई नाय म्हंजे नाय! लय दिवसांनी माणसात बसायला मिळतंय, ते घालवू नको."

 सरिताने मात्र गोटीरामांची बैठक पापणी न लववता पाहिली होती.

सावळीरामचं नाव पुकारलं. तो पाटावर अंथरलेल्या कापडावर बसला, तशी सरिता तिसऱ्या रांगेतून उठली.

"बाबा, दोऱ्यात शक्ती आहे ना? मग आबांना दोन तांबे पाणी पिऊ द्या."

"ओ बाई, खाली बसा!" मागून कुणीतरी ओरडलं.

"तासभर मौन कशाला?" सरिता बसली नाही. "आणि उठताना दोन माणसं काखेत हात घालून का उचलतात? आपापलं उठलं तर दोरा तुटतो का?"

बाबा गोड हसले. "बेटी, श्रद्धेची परीक्षा घ्यायची नसते."

सावळीरामच्या कानशिलाला आग लागली. चारचौघांत सुनेने शोभा केली! तो तिच्यावर ओरडणार होता, तेवढ्यात बाबांचं ते शेवटचं वाक्य त्याच्या डोक्यात अडकलं. परीक्षा घ्यायची नसते? हे तो तीस वर्षं ऐकत आला होता. ज्या ट्रॉलीत वर टपोरा कांदा आणि खाली सडका, तिचाच मालक "खाली काय बघता, भरवसा ठेवा" म्हणायचा.

"बाबा," तो म्हणाला, "आमच्या मार्केटात वरचा थर बघून सौदा पक्का नाय व्हत. ट्रॉली खाली करा म्हणतो आम्ही. माझी बी करू. सरिता, आण पाणी!"

"मुहूर्त टळेल!" बाबा घाईने म्हणाले.

पण आता लोकांनाच चेव आला होता. "पिऊ द्या! बघू तरी!"

सावळीराम दोन तांबे घटाघटा प्याला. अकरा दिवसांच्या तहानेनंतर ते पाणी त्याला अमृत वाटलं. पाऊण तास भजनं झाली. मग सरिता म्हणाली, "आबा, आता मौन सोडा. एक बोली होऊन जाऊ द्या."

सावळीरामने छाती भरून घेतली.

"बोलाऽऽ! लाल कांदा, पहिला माल! बोला बोला बोलाऽऽ!"

लॉन दणाणली. दीड वर्षाने तो आवाज ऐकून रांगेत बसलेल्या अक्काबाईने तोंडाला पदर लावला. सावळीराम कुणाचा हात न धरता उठला आणि त्याने वळून पाहिलं. कापडावर पुरीएवढा ओला डाग होता.

जिची दीड वर्षं धास्ती घेतली, ती वेळ आली होती, तीही सातआठशे लोकांसमोर. आणि मग त्याला जाणवलं की काहीच झालं नाही. आभाळ जिथल्या तिथे होतं. त्याने कापड उचलून उंच धरलं.

"ओलंऽऽ!" तो लिलावाच्या आवाजात ओरडला आणि खदखदून हसला. हसताना आणखी दोन थेंब गेले, त्याचंही हसू आलं.

"माझं बी घरी वलंच व्हतं रं!" गोटीराम एकदम बोलले. "लाजेपायी बोललो नाय." मग एक हात वर झाला, मग दहा.

सरिताने माईक घेतला. "पाणीच प्यायलं नाही तर गळणार काय? बोललं, खोकलं, जोर लावून उठलं की पोटाचा दाब येतो आणि थेंब सुटतो. म्हणून मौन, म्हणून ते दोन चेले. तहानलेलं ठेवलं की लघवी दाट होते, आग होते, जंतू धरतात. मशीनचा काही संबंध नाही. आणि तपासणी बंद केली तर आजार परतला तरी कळणार नाही. जीव जाईल!"

"मग करायचं काय?"

"वायू अडवताना जो स्नायू आवळतो, तो आवळा. दहा आकडे धरा, सोडा. रोज करा. महिने लागतात, बहुतेकांना फरक पडतो. नाहीच पडला तरी डॉक्टरांकडे आणखी उपाय आहेत. तोवर पॅड लावा आणि खुशाल हिंडा."

लगेच लॉनवरची सगळी मंडळी, बायकांसकट, गंभीर चेहरे करून दहा आकडे मोजू लागली. त्या शांततेत बाबांची गाडी मागच्या फाटकातून निघाल्याचा आवाज तेवढा आला.

सोमवारी सावळीराम दवाखान्याच्या रांगेत बाही वर करून बसला. शेजारी एक मास्तर खाली मान घालून बसले होते. त्यांच्या मनगटाला तसाच नवा कोरा दोरा होता.

"गळतं का?" सावळीरामने अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असं विचारलं. मास्तर चपापले.

"माझं बी गळतं. त्यात लाजायचं काय? पाणी प्या, व्यायाम करा, रक्त द्या. थेंब गेला म्हणून माणूस कमी होत नाय, मास्तर. अक्कल दुसऱ्याच्या हवाली केली म्हंजे होतो."