धाकटीने घडवलेली मूठ

थोरली दातांच्या कवळ्या बनवायची, आणि अशा बनवायची की खऱ्या दातांनी मान खाली घालावी. तेच हात सुट्टीच्या दिवशी सुऱ्यांना मुठी बसवत. पातं, पितळी खिळे आणि गोंद असं किट ती टपालाने मागवी. लाकूड मात्र स्वतः निवडायचं, कापायचं, कानशीने घडवायचं आणि काचपेपरने घासत बसायचं. तिच्या अक्रोडाच्या मुठीवरून बोट फिरवलं तर लाकूड कुठे संपलं आणि पितळ कुठे लागलं, ते कळायचं नाही.

धाकटी जाऊ लग्न होऊन वरच्या मजल्यावर राहायला आली, तेव्हा थोरलीनेच तिला हौसेने मागच्या खोलीतल्या टेबलाशी बसवलं. धाकटीच्या पहिल्या सुरीचे खिळे तिरके गेले, दुसरीचा गोंद बाहेर ओघळला. थोरली हसत हसत दुरुस्त करून द्यायची. शिष्य अडाणी असेपर्यंत गुरूला गोडच लागतो.

पुढची सुरी धाकटीने मोठ्या दिरासाठी केली, म्हणजे थोरलीच्या नवऱ्यासाठी. तो इस्पितळाच्या कँटीनमध्ये आचारी होता. त्याने ती हातात घेतली, मनगट फिरवून पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी कामावर घेऊन गेला. मग रोजच न्यायला लागला.

थोरलीने त्याला दिलेली सुरी बाहेरच्या खोलीत काचेच्या कपाटात होती. "ही वापरून खराब नाही करायची," असं तो म्हणाला होता, आणि ती तो आपला मान समजून चालली होती. आता मात्र कपाटाकडे नजर गेली की ती तोंड फिरवायची. धाकटीचा जिन्यावरचा पायरवसुद्धा तिला मिजाशीचा वाटायला लागला.

एकदा जेवताना तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "एवढं काय आहे रे तिच्या सुरीत?"

"हातात बसते," नवरा म्हणाला. "तिने मला मातीचा गोळा धरायला लावला होता. म्हणाली, कांदा चिरताना धरता तसा दाबा. त्या ठशावरून मूठ केली."

"कधी?"

"तू कामावर होतीस."

थोरलीने घास ताटात ठेवला. "आणि माझी सुरी?"

"खरं सांगू? अंगठ्याखाली घासते. फोड येतो."

"मग बोलला का नाहीस?"

"तू इतकी खूश होतीस. आणि तू कधी विचारलंही नाहीस."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण राग नेमका कुणावर काढायचा तेच तिला ठरवता येईना. नवरा खोटं बोलला होता. धाकटीने तिच्या माघारी त्याचा हात मातीत उमटवून घेतला होता. आणि तिने स्वतः त्या हाताकडे कधी धड पाहिलंही नव्हतं. हे शेवटचं सगळ्यात जास्त झोंबत होतं, म्हणून ती पहिल्या दोन गोष्टींवर धुमसत राहिली.

नवऱ्याच्या सुट्टीच्या दिवशी, तो दुपारचा आडवा झालेला असताना, तिने धाकटीची सुरी मागच्या खोलीत नेली. नुसत्या चुका बघायच्या, असं मनाशी म्हणाली. चुका होत्याही. एक खिळा केसभर वर होता, कडेला ओरखडे होते. पण मुठीच्या पोटाशी एक फुगवटा होता, तिच्या हाताला अवजड, दुसऱ्याच कुणाच्या तळव्यासाठी ठेवलेला. तो बोटांना लागला मात्र, तिने पातं टेबलाला लावलेल्या शिकंज्यात घट्ट अडकवलं आणि त्या फुगवट्यावर कानस ओढली. जोरात. लाकडाचा पांढुरका भुसा टेबलावर पडला.

"ताई?"

धाकटी दारात उभी होती. लपवायला काही उरलंच नव्हतं.

"मी खरवडली," थोरली म्हणाली. "तुझं कौतुक मला सहन होत नाही."

धाकटी पुढे आली. तिने चऱ्यावरून बोट फिरवलं. "मला सहन होत असेल असं वाटतं तुम्हाला? घरात येईल त्याला भाऊजी ते कपाट दाखवतात. अशी सफाई मला सात जन्मांत जमणार नाही. माझी सुरी काय, भाज्या चिरायला." तिने नाक पुसलं. "ही आता तुम्हीच नीट करा. मी हात लावणार नाही."

आणि ती दाणदाण पाय आपटत वर निघून गेली.

थोरलीने शिकंजा सैल करून सुरी काढली. मग आत जाऊन तिने नवऱ्याला उठवलं. "हात दे," म्हणाली, आणि काय केलं तेही सांगून टाकलं. त्याने हात पुढे केला. अंगठ्याच्या मुळाशी जुना घट्टा होता, करंगळी किंचित वाकडी होती. ती चाचपत राहिली. मग चऱ्याच्या जागी तिने अक्रोडाचं ठिगळ बसवलं, सुकल्यावर घासून आकाराला आणलं आणि सुरी पुन्हा पुन्हा त्याच्या हातात देऊन बघितली. वर आलेला खिळाही तिने बसवला, कुणाला न सांगता.

पुढे एकदा ती कँटीनमध्ये घराची किल्ली द्यायला गेली, तेव्हा एक परिचारिका विचारत होती, "सुरी छान आहे हो. कुणी केली?"

"धाकट्या भावाच्या बायकोने," नवरा कांदा चिरता चिरता म्हणाला.

थोरलीला लागलंच. तरी ती उभी राहून त्याचा अंगठा बघत होती. फोड नव्हता. घरी जाऊन तिने नवं किट मागवलं आणि जिन्याखाली उभं राहून वर हाक मारली, "ती माती कुठून आणलीस गं?"

वरून आवाज आला, "आणून देते. पण खिळे सरळ कसे ठोकता, ते आधी दाखवायचं."