खुंटावर फोकस लावून

टक्… टक्… टक्.

माझ्या कानावर पडलेला पहिला आवाज हाच. कारखान्यात मला जोडणारी बाई माझं पुढचं, उजेड कमीजास्त करणारं कडं कानाशी धरून हळूहळू फिरवत होती. प्रत्येक टक् सारखा वाजतो का, ते ऐकत होती. तिचा चेहरा मला नीट दिसला नाही, कान तेवढा जवळून दिसला. मग तिनं मला मऊ कापडात गुंडाळलं आणि मी जगात आले.

मी एक जुनी टेलिफोटो लेन्स. लांबचं जवळ आणून दाखवणारी. हल्लीच्या लेन्स आपला फोकस आपणच लावतात, मला ते येत नाही. माझ्या कमरेला एक रुंद रबरी कडं आहे. ते हातानं फिरवायचं, डोळ्यानं बघायचं आणि समोरचं लख्ख दिसलं की थांबायचं. म्हणजे निम्मं काम माझं आणि निम्मं बघणाऱ्याच्या डोळ्याचं.

आधी मी एका नाटकवेड्या फोटोग्राफरकडे होते. तो गेल्यावर बरीच वर्षं कपाटात पडून राहिले, मग जुन्या सामानाच्या दुकानात. तिथून मला एका बसड्रायव्हरनं उचललं. ते नुकतेच रिटायर झाले होते. एका छोट्या डिजिटल कॅमेऱ्यावर मधे जोडकडं घालून त्यांनी मला बसवलं. जन्मभर मोठं चाक फिरवलेले ते हात. माझं कडं फिरवताना त्यांनी कधी घाई केली नाही.

गावाबाहेरच्या तळ्यात एक लाकडी खुंट होता. त्यावर खंड्या येऊन बसायचा. ड्रायव्हरसाहेब त्याच्यामागे धावायचे नाहीत. आधीच खुंटाच्या माथ्यावर फोकस लावून ठेवायचे आणि वाट बघायचे. "स्टॉपवर गाडी लावून ठेवायची," म्हणायचे, "पॅसेंजर येतोच."

त्यांचा मेव्हणा रंगाचं दुकान चालवायचा. त्याच्याकडे नवा कोरा, आपोआप फोकस लावणारा कॅमेरा होता. रविवारी आला की दारातूनच ओरडायचा, "ताई, तुझी सवत कुठाय?"

"ती काय, मांडीवर घेऊन बसलेत," ताई स्वयंपाकघरातून म्हणायची. "घरातली एक बशी कधी पुसली नाही ह्यांनी, पण तिला उठताबसता पुसतात."

"भाऊजी, विका हो ही तोफ. तुम्ही कडं फिरवेपर्यंत माझे शंभर फोटो निघतात."

"आणि त्यातले ठेवतोस किती?"

मेव्हणा हसून चहाकडे वळायचा.

असं छान चाललं होतं. मग फोटो पुसट यायला लागले. आधी एखादा, पुढे सगळेच. ड्रायव्हरसाहेबांनी माझ्यावर संशय घेतला. हिच्या पोटात बुरशी धरली असणार, म्हणाले. मला उन्हात ठेवलं, फुंकर मारली, धुऊन मऊ झालेल्या रुमालानं पुन्हा पुन्हा पुसलं. मी होते तशीच होते, पण सांगणार कशी? शेवटी ते मला दुरुस्तीवाल्या बाईकडे घेऊन गेले.

तिनं मला खोलून दिव्यासमोर धरलं, पुन्हा जोडलं, भिंतीवरच्या कॅलेंडरचा फोटो काढला आणि मोठ्या पडद्यावर दाखवला.

"बघा," ड्रायव्हरसाहेब म्हणाले, "मधलंच पुसट आलंय."

बाईनं पडद्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. फोटो लख्ख होता.

"काका, आता नुसत्या डोळ्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर बघा बरं."

ते बराच वेळ बघत राहिले. "तिथंही… मधलंच."

"लेन्स ठणठणीत आहे, काका. डोळे दाखवून घ्या."

"नीट बघा ना, बाई," ते म्हणाले. "असेल बुरशी कुठेतरी."

असा त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. माझ्यात काही खोट निघाली असती, तर मला तेव्हा आनंदच झाला असता.

डॉक्टरांच्या खोलीत मी पिशवीत होते. दोन्ही डोळ्यांचा मागचा पडदा झिजलाय, डॉक्टर म्हणाले. हिंडता-फिरता येईल, पण ज्याच्याकडे रोखून बघाल, नेमकं तेच पुसून जाईल. गेलं ते परत यायचं नाही. थोडं आधी आला असता तर बरं झालं असतं.

म्हणून तुम्हाला हात जोडून सांगते. तुमच्याकडे माझ्यासारखी एखादी जुनी लेन्स असेल आणि ती पुसट दाखवायला लागली, तर तिला खुशाल उघडून बघा. पण त्याआधी एकेक डोळा झाकून समोरच्या भिंतीकडे बघा.

पुढच्या रविवारी मेव्हणा आला तो सवतीची चौकशी न करता. "भाऊजी, माझा कॅमेरा घ्या. फोकस तो लावेल."

"लावेल रे. पण लागलेला मला दिसायला नको का?"

मेव्हण्यानं आपला कॅमेरा परत पिशवीत ठेवला. मग ड्रायव्हरसाहेबच म्हणाले, "चल तळ्यावर. हिला चालवायला शिकवतो."

"मला? मी बटण दाबणारा माणूस!"

"म्हणूनच."

तळ्याकाठी मेव्हण्यानं माझं कडं धरलं आणि भसकन फिरवलं.

"अरे, गिअर टाकतोयस का? सावकाश. खुंटाच्या भेगा दिसल्या?"

"नाही… हां, आल्या. गेल्या!"

"पुढे गेलास. थोडा मागे ये."

"आल्या, भाऊजी! एकेक भेग दिसतेय!"

"आता हात काढ. कड्याला शिवायचं नाही."

दोघं वाट बघत बसले. मेव्हण्याचा हात दोनदा कड्याकडे गेला, दोन्ही वेळा त्यानं तो मागे घेतला. खंड्या आला, चोचीत मासा घेऊन खुंटावर बसला. मेव्हण्यानं एकदाच बटण दाबलं.

"भाऊजी, बघा की! त्याच्या डोळ्यात तळं दिसतंय, तळं!"

ड्रायव्हरसाहेब सवयीनं कॅमेऱ्यावर वाकले, रोखून बघितलं. मग मान वळवून डोळ्याच्या कडेनं बघितलं. बराच वेळ बघत होते. काय दिसलं, ते त्यांनाच ठाऊक.

मग त्यांनी कॅमेऱ्याचा पट्टा मेव्हण्याच्या गळ्यात घातला, नीट सारखा केला. माझ्या कड्यावर एकदा अंगठा ठेवला.

"भाऊजी, अहो, हे काय?"

ते वळले आणि बांधावरून चालू लागले. माझा फोकस अजून खुंटावरच होता, त्यामुळे जाताना ते मला पुसटच दिसले.