टिपून ठेवलेली नदी

दीपेश सकपाळ महाडच्या एका खाजगी शाळेत कारकून होता आणि मनाने लेखक होता. त्याच्या ब्लॉगवर तीन वर्षांत एकच लेख आला होता. शीर्षक होतं, 'लवकरच सुरू करतो आहे'. ब्लॉग मात्र देखणा होता. वर वरंध घाटातल्या धुक्याचा फोटो, खाली लिहिणाऱ्याचं नाव, त्याखाली लिहिणाऱ्याचा गालावर बोट टेकवलेला फोटो.

लेख नव्हते, कारण कल्पना फार होत्या. मोबाईलमध्ये त्यांचे रंगीत कप्पे होते. हिरवा निसर्गाचा, पिवळा माणसांचा, जांभळा चिंतनाचा. कुठल्याशा व्हिडिओत त्याने ऐकलं होतं की चांगल्या कल्पना अंघोळीच्या वेळी सुचतात, म्हणून न्हाणीघराच्या दारामागे दोरीला पेन्सिल लटकत होती. चौकातल्या वडेवाल्याने "आज तेल फार तापलंय" म्हटलं, तरी दीपेश बाजूला होऊन ते टिपून घ्यायचा.

"एवढ्या बाराशे झाल्यात, त्यातली एक तरी लिहून टाका की," त्याची बायको निशा शिलाई मशीनवरून मान वर न करता म्हणायची.

"कल्पना मुरू द्यावी लागते."

"लोणचं मुरलं की लोक खातात तरी."

हेही दीपेशने टिपून घेतलं. पिवळ्या कप्प्यात.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत तो आजोळी, पोलादपूरजवळच्या कापडे गावी गेला होता. तिथे शेजारच्या घरात हैबतीमामा राहायचे. ऐंशीला टेकलेले, अजून भाताच्या खाचरात उतरणारे. दीपेश काहीतरी लिहितो एवढं त्यांच्या कानावर होतं. त्यांनी त्याला पडवीत बोलावलं, शेजारी बसवलं आणि म्हणाले, "एक गोष्ट हाय माजी. आजवर कुनाला सांगितली नाय. तू लिवनार असशील तर सांगतो."

दीपेशने फोनवर ध्वनिमुद्रण सुरू केलं. उठताना शब्द दिला, "पुढच्या आठवड्यात ब्लॉगवर टाकतो, मामा."

ब्लॉग म्हणजे काय हे मामांना नेमकं ठाऊक नव्हतं, पण त्यांनी फोटोसाठी नवी टोपी घेतली. दर महिन्याला त्यांचा फोन यायचा.

"आलं का रे?"

"काम चालू आहे, मामा. मांडणी करतोय."

"बरं बरं. चांगली कर."

असे वीसेक फोन झाले. मग एका जूनमध्ये, लावणीच्या आधी, मामा दुपारचे जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

तेराव्याला दोन शब्द बोलायला गावाने दीपेशलाच सांगितलं. त्याला वाईट वाटलं होतं, खोटं कशाला बोला. पण वाईट वाटण्याच्या आत कुठेतरी त्याला हेही वाटलं की आता ही गोष्ट सांगायला याहून योग्य वेळ नाही. आदल्या दिवशी त्याने पिवळा कप्पा उघडला. हैबतीमामांच्या नावाखाली लिहिलेलं होतं: 'नदी. जबरदस्त!!! नक्की लिहायचं.'

बस. एवढंच.

नदीचं काय, ते काही केल्या आठवेना. मग त्याने ध्वनिमुद्रण शोधून लावलं. निशाने मशीन थांबवलं. सत्तेचाळीस मिनिटांच्या त्या मुद्रणात चाळीस मिनिटं दीपेशच बोलत होता. कल्पना कशा साठवाव्यात, कप्पे कसे करावेत, मोठे लेखक म्हणे खिशात वही ठेवतात. मधूनच मामांचा आवाज यायचा.

"तर त्या साली नदी अशी फुगली व्हती..."

"थांबा मामा! फुगलेली नदी! हे शीर्षक आधी टिपून घेतो."

"मंग मी आपला मधल्या खडकावं..."

"एक मिनिट, मामा. हा निसर्गात टाकू की माणसांत?"

"टाक बाबा कुठं बी. तर मंग पलीकडनं..."

इथे मुद्रण संपलं होतं. फोनमधली जागा भरली होती.

निशाने त्याच्याकडे पाहिलं. मशीन पुन्हा सुरू झालं.

तेराव्याला तो सकाळीच कापड्यात पोचला आणि जाणत्या पुरुषांना एकेक करून विचारत फिरला. माजी सरपंचांना विचारलं, पिठाच्या गिरणीवाल्याला विचारलं, मामांच्या चुलतभावाला विचारलं. सगळ्यांचं उत्तर एकच होतं. "आमाला नाय सांगितली. म्हनायचा, दीपेशकडं दिलीय, आता छापून आली की वाचा."

शेवटी तो मामांच्या घरी गेला. रंगूबाईमामी पडवीत तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"मामी, मामांचा एखादा बरा फोटो आहे का?"

मामींनी आतून फोटो आणून दिला. नव्या टोपीतला होता. मग त्या दाराशी उभ्या राहिल्या. "अजून काय इचारायचं हाय का?"

"नाही मामी, फोटो तेवढाच हवा होता," दीपेश म्हणाला आणि फोटोचा फोटो काढून घेतला.

दोन शब्दांत त्याने मामा किती साधे होते ते सांगितलं. लोक जेवायला बसले.

पण घरी परतल्यावर त्याच्या हातून एक आक्रीत घडलं. त्याने खरोखरच लेख लिहिला, एका बैठकीत. शीर्षक होतं, 'माझ्या ओंजळीतून निसटलेली नदी'. त्यात हैबतीमामा दोन ओळींत होते आणि दीपेशची वेदना सहा परिच्छेदांत. शेवटी मामांचा टोपीतला फोटो. लोकांनी लेख भराभर पुढे पाठवला. पोलादपूरच्या एका व्हॉट्सॲप गटावर कुणीतरी लिहिलं, 'डोळे पाणावले सर.' आयुष्यात पहिल्यांदाच दीपेशला कुणी न ओळखता सर म्हटलं होतं.

महिन्याभरात महाडच्या एका वाचनालयाने त्याची कार्यशाळा ठेवली. विषय, 'कल्पनांचं जतन'. तीसेक माणसं आली. दीपेशने कप्पे दाखवले, रंग समजावले, दारामागच्या पेन्सिलीचा फोटो दाखवला. मामांची आठवण सांगताना त्याचा गळा अगदी नेमक्या जागी दाटून आला.

जवळच्या नाते गावाहून आलेली अनुष्का नावाची एक शिक्षिका उभी राहिली. "सर, पण त्या आजोबांची गोष्ट काय होती?"

"ती आता कुणालाच माहीत नाही."

"त्यांच्या घरी कोण असतं?"

"मामी असतात. पण ताई, गोष्ट काय होती हे महत्त्वाचं नाही. ती हरवल्यावर आपल्यात काय उरतं, ते महत्त्वाचं."

सभागृहात माना डोलल्या. बऱ्याच जणांनी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं.

अनुष्काने उतरवलं नाही. पुढच्या रविवारी पोलादपूरला गाडी बदलून ती कापड्यात गेली. घर विचारत पडवीपर्यंत पोचली आणि दारातूनच म्हणाली, "आजी, मला ती नदीची गोष्ट ऐकायचीये."

रंगूबाईंनी तिला नीट न्याहाळलं. "बस गो. त्या गोष्टीत मीच हाय, पन मला कुनी इचारलं नाय."

चहा झाल्यावर त्यांनी सांगितलं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. बैल पलीकडे अडकला म्हणून हैबती नदीत उतरले आणि पाणी चढलं. मधल्या खडकाला धरून राहिले. त्यांना पोहता येत नव्हतं. रंगूबाईंना येत होतं. पलीकडच्या काठावर त्या गावचे दहा-बारा पुरुष नुसते ओरडत होते.

"मी गेले नि त्याला काढला. बैल आपला आपन आला," त्या म्हणाल्या. "पन्नास वर्सं त्यानं तोंड उघडलं नाय. लाज वाटायची त्याला, बायकोनं काढला म्हून. म्हातारपनी म्हनाला, आता सांगून टाकतो, तुजं नाव ऱ्हाईल."

अनुष्काने त्याच संध्याकाळी ते लिहून काढलं, दोनच पानं झाली. छापायला देण्याआधी तिने फोन करून आजींना सगळं वाचून दाखवलं. रंगूबाई ऐकत होत्या. फक्त शेवटाकडे, खडकापर्यंत दोर टाकल्याचं वाक्य आलं, तिथे त्यांनी तिला थांबवलं.

"दोर कुठला गो?"

"तुम्ही लुगडं म्हणाला होतात, आजी. पण अंगावरचं... म्हणून मी दोर लिहिलं. बरं दिसेल म्हटलं."

"दोर असता तर काठावरच्या बाप्यांनीच नसता टाकला?" रंगूबाई म्हणाल्या. "नऊवारी लुगडं व्हतं, हिरवं. सोडलं नि टाकलं. लुगडंच लिव."