निळ्या शाईतली ‘गेली’

“कुठे गेले?” टकटकबाईने विचारलं.

खिडकीपलीकडच्या आजींनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग मागच्या रांगेकडे, आणि मग बोट छताकडे केलं. “वर गेले. नवरा गेला म्हटल्यावर कुठे गेला असेल, बाई? बाजारात?”

रांगेत खसखस पिकली. टकटकबाईचे कान तापले. “विचारावं लागतं, आजी. नवा नियम आहे.”

“मग त्या नियमालाच म्हणावं, तूही जा एकदा. कळेल कुठे ते!”

टकटकबाई हे शिपाईमामांनी ठेवलेलं नाव. नोंदणी कार्यालयात तिच्याइतकं भराभर टाइप करणारं दुसरं कुणी नव्हतं. कीबोर्डवर तिची बोटं पडली की गरम कढईत लाह्या फुटल्यासारखा आवाज यायचा. पण हल्ली त्या लाह्या मध्येच थांबायच्या, दर वेळी त्या एका शब्दापाशी.

कारण तो शब्दच मुळात लबाड. गेली. शहर सोडून गेली तरी गेली, आणि जग सोडून गेली तरी गेलीच! जुन्या कागदी रजिस्टरांत यावर झकास तोडगा होता. माणूस वारला की शेऱ्याच्या रकान्यात लाल शाईने ‘गेला’ लिहायचं, आणि कुठे राहायला गेला तर निळ्या. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. कार्यालयात येणारा प्रत्येक नवा कारकून तो चहा पिता पिता शिकायचा.

मग रजिस्टरं कॉम्प्युटरवर चढवायचं ठरलं. “जसंच्या तसं उतरवा,” साहेब म्हणाले, “कुणी आपली अक्कल चालवायची नाही.” टकटकबाईने वादळासारखं टाइप केलं. कॉम्प्युटरला शाई कुठून असणार? लाल ‘गेली’ आणि निळी ‘गेली’ पडद्यावर जुळ्या बहिणींसारख्या दिसू लागल्या. तेव्हा कुणाचं काही बिघडलं नाही. अडलंच तर शिपाईमामांना हाक मारायची, “मामा, ही कुठली गेली?” आणि मामा सांगायचे, “अगं ती होय? चांगली धडधाकट आहे, मुलाकडे असते.”

पुढे शेजारशेजारच्या पाच देशांनी हात मिळवले. पाचांचं मिळून एकच रजिस्टर, एकच कार्ड. नदीपलीकडे आजारी पडलात तरी तिथलं सरकारी हॉस्पिटल तुमचं! किती छान कल्पना! टकटकबाईने तर त्या दिवशी नवी साडी नेसून झेंड्यांखाली फोटो काढून घेतला होता. फक्त त्या सामाईक मशीनला मामा नव्हते. पाच भाषांत भाषांतर करताना त्याने सगळ्या ‘गेली’ उचलल्या आणि सगळ्यांपुढे एकच शब्द ठेवला. मृत.

त्यात टकटकबाईची ताईही होती. लग्न होऊन नदीपलीकडे गेलेली, चक्क निळ्या शाईतली ताई. तिची नोंद टकटकबाईनेच टाइप केली होती आणि लगेच फोन करून खिदळलीही होती, “ताई, आज तुला कॉम्प्युटरमध्ये घातली बघ!”

नंतर एकदा जेवणाच्या सुट्टीत ताईचाच फोन आला. “अगं, मी मेलेय म्हणे.”

ताईची मूत्रपिंडं थकली होती. एक दिवसाआड डायलिसिस सांगितलं होतं. सरकारी हॉस्पिटलात कार्ड लावलं, तर पडद्यावर मृत.

“नर्स बिचारी गडबडली. विचारते, मॅडम, तुम्ही कधी वारलात? मी म्हटलं, बाई, मला कुणी कळवलंच नाही!”

“ताई, हसू नकोस. तू सरळ इकडे निघून ये.”

“येऊ कशी? पुलाच्या फाटकावर हेच कार्ड लागतं. भुतांना पूल बंद आहे. आणि आले तरी तुमच्या हॉस्पिटलात मी मेलेलीच ना?”

पूर्वी एका देशात कागदावर मेलं तरी दुसऱ्या देशात जगता यायचं. आता ताई एका फटक्यात पाचही देशांत मेली होती.

“माझ्यामुळे झालं, ताई.”

“तुझ्यामुळे कसलं? जे लिहिलेलं होतं तेच तू उतरवलंस. शाळेत माझे निबंधसुद्धा चुकांसकट उतरवायचीस, विसरलीस?”

टकटकबाईने रजिस्टरच्या त्या पानाचा रंगीत फोटो काढून दुरुस्तीसाठी पाठवला. निळी शाई स्पष्ट दिसत होती. पाचही देशांनी होकार द्यायचा, प्रत्येकाचा एक दिवा, असा त्या दुरुस्तीचा कायदा. परक्या चार देशांचे दिवे एकेक करून हिरवे झाले. पाचवा होईना. तो तिच्या स्वतःच्या देशाचा होता.

ती साहेबांकडे गेली. साहेबांनी चष्मा काढून पुसला. “बाई, आपण होकार दिला म्हणजे चूक आपली, हे पाच देशांसमोर कबूल केल्यासारखं होतं. परिषद तोंडावर आलीय. सगळ्यांत कमी चुका आपल्या, म्हणून आपल्याला मान मिळणार आहे. तेवढी होऊन जाऊ दे.”

“साहेब, ती जिवंत आहे हो!”

“मी कुठे नाही म्हणतोय?” साहेब खरंच हळहळून म्हणाले. “तोवर निदान नवी चूक नको. कुणी ‘गेले’ म्हणालं की विचारत जा, कुठे गेले.”

म्हणून तो नियम. टकटकबाई दिवसभर विचारत राहायची. कुठे गेले? कुठे गेल्या? लोक चिडायचे, रडायचे, कुणी शिव्या द्यायचे. आणि पलीकडे ताई खासगी दवाखान्यात जमेल तेव्हा जायची, जमलं नाही की डायलिसिस चुकवायची. फोनवर आधी तिच्या पायांची सूज आली, मग धाप आली. सगळ्यांत शेवटी तिचे विनोद थांबले, आणि टकटकबाईला खरी धडकी भरली ती तेव्हा.

“आजी, दाखला छापतेय, थांबा हं,” ती आता खिडकीतून म्हणाली. प्रिंटर घरघरू लागला. तेवढ्यात फोन वाजला. ताईची लेक. एरवी ही पोरगी रेल्वेगाडीसारखी बोलायची.

“मावशी,” ती म्हणाली, “आई गेली.”

“कुठे?”

शब्द तोंडातून निघून गेला. दिवसभराच्या सवयीने, टाइप करायला बोटं उचलून. पलीकडून पोरीचा नुसता श्वास ऐकू येत राहिला.

रांगेत या वेळी कुणी हसलं नाही. आजींचा दाखला प्रिंटरमधून अर्धा बाहेर येऊन लोंबकळत होता. तो ओढून घ्यायला टकटकबाई वळली आणि तिची नजर पडद्याच्या कोपऱ्यावर गेली. ताईची दुरुस्ती ती रोज सकाळी तिथे उघडून ठेवायची. चार दिवे हिरवे, पाचवा विझलेला. ताईच्या नावापुढे मृत.

नोंद आता बरोबर होती. दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

आजींनी खिडकीच्या फटीतून हात आत घातला. दाखल्याकडे तो वळलाच नाही. कीबोर्डवर थबकलेल्या तिच्या बोटांवर येऊन टेकला, आणि तिथेच राहिला.