सहाणेवरची रिंग

आमच्या साताऱ्याच्या घराला लागून जो बोळ होता, त्यात ऊन दुपारी बाराला उतरे आणि अर्ध्या तासात परत भिंतीवर चढून जाई. त्या अर्ध्या तासासाठी किसन मिस्त्री सकाळपासून तयारीत असत. मी चाकाशी पालथा पडून वडिलांच्या दाढीच्या आरशानं कवडसा गाडीच्या पोटाखाली फेकायचा. तिथं तिरक्या ठेवलेल्या काचेच्या तुकड्यावरून तो वर, रिकाम्या सिलिंडरमध्ये शिरायचा. आणि मिस्त्री वरून एक डोळा मिटून आत बघायचे. सिलिंडरमध्ये त्यांनी पिस्टनवाचून नुसती त्याची रिंग बसवलेली असे. रिंग आणि सिलिंडरची भिंत यांच्यामध्ये उजेडाची बारीक कोर दिसली की ते जिभेनं 'च्च' करत आणि रिंगची अडणारी कड पुन्हा घासायला घेत.

"अजून चंद्र दिसतुया, भाऊसाहेब," ते म्हणत. "अमावस्या हुईस्तवर घासायचं."

वडील जाऊन दोन वर्षं झाली होती आणि त्यांची काळी जुनी मोटार तेवढाच काळ त्या बोळात धूळ खात उभी होती. बहीण कुसुमचं लग्न सांगलीला ठरलं. तिचा हट्ट एकच: लग्नाला जाईन तर आप्पांच्या गाडीतून. गाडी तर सुरू केली की निळा धूर ओकायची. चीनच्या लढाईनंतरचे ते दिवस. बाहेरून माल येणं बंद, आणि असल्या गाडीच्या रिंगा पुण्या-मुंबईतही मिळेनात. मिस्त्रींनी मोडीच्या बाजारातून कुठल्याशा ट्रकच्या जाडजूड रिंगा उचलून आणल्या आणि म्हणाले, "ह्याच पातळ करू की. लोखंडच हाय, देव न्हाई."

पन्नाशीचा माणूस. लष्कराच्या गाड्या दुरुस्त करत ब्रह्मदेशापर्यंत जाऊन आलेला, पण चालण्यात लष्कराचा ताठा नाही. गाडीच्या कडेनं बोळात शिरताना भिंतीला खांदा लागू नये म्हणून तिरके होऊन येण्याची त्यांना सवयच जडली होती. बोटं जाड, तेलानं काळवंडलेली. फक्त डाव्या करंगळीचं नख वाढवलेलं आणि लख्ख स्वच्छ. ते नख सिलिंडरच्या भिंतीवरून वरपासून खालपर्यंत ओढत, आणि झिजेचा कंगोरा लागला की त्यांचे डोळे आपोआप मिटत. मोजायचं यंत्र काय झक मारील, अशी ती करंगळी होती.

त्यांचं स्वतःचं गॅरेज नव्हतं. दुकान म्हणजे एक हिरवी पत्र्याची पेटी. लोकांच्या अंगणात, परड्यात, बोळात बसून काम करायचं. घराच्या अवतीभवती वावरणाऱ्या अशा माणसाची भाकरी जेवढी हुन्नरावर, तेवढीच पेठेच्या विश्वासावर. कुणी नुसतं 'याचा हात इकडेतिकडे जातो' म्हटलं, की सगळी दारं बंद. आणि मिस्त्रींच्या बाबतीत तर लोक निमित्तालाच टेकलेले. बौद्ध होऊन त्यांना सात-आठ वर्षं झाली होती. त्यांच्या घरातले देव गेले होते, पण आमच्या घरांतला त्यांच्यासाठीचा वेगळा कप काही गेला नव्हता. आमच्याकडेही तो मागच्या दाराच्या कोनाड्यात पालथा असे. मी समतेवर तावातावानं बोलायचो आणि चहा त्याच कपातून द्यायचो! पहिल्या दिवशी तर आळसानं तो कप देवघराच्या खिडकीतून बोळात द्यायला गेलो. गज एवढे दाट की कप मध्येच अडकला, चहा माझ्याच मनगटावर सांडला, आणि मिस्त्री खळखळून हसले.

"दारानं या, भाऊसाहेब. त्या खिडकीतनं फकस्त ऊन जातंय."

रिंगा पातळ करायला अगदी सपाट दगड हवा होता. वर पॉलिश पेपर पसरायचा, तेलाचे चार थेंब सोडायचे आणि रिंग बोटांच्या सारख्या दाबानं गोल गोल फिरवायची. दगडात जराशीही खळी असली की रिंग वाकडी. पाटा टाकी लावून खडबडीत केलेला, पायरीचा दगड झिजलेला. तेव्हा माझी अक्कल धावली. आजीची सहाण! देवघरात गंध उगाळून उगाळून ती अशी गुळगुळीत झाली होती की पाण्याचा थेंब टाकला तर तो कुठं जावं ते त्याला कळू नये. आई शेजारी गेलेली पाहून मी ती उचलली आणि मागच्या दारानं बोळात नेऊन दिली.

मिस्त्रींनी हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. "देवाची न्हाई न्हवं ही? आसंल तर नगं. आमी काचंवर भागवू."

"छे हो," मी म्हणालो. "अडगळीतली आहे."

दोन दिवस त्या सहाणेवर रिंगा फिरत होत्या. चंदनाचा मुरलेला वास आणि इंजिनाच्या तेलाचा वास एकमेकांत मिसळून बोळात दरवळे, आणि त्या घासण्याच्या संथ, एकसुरी आवाजात मला उगाचच वडील घरात असल्यासारखं वाटे. मी रोज आईच्या पूजेआधी सहाण धुऊन जागेवर ठेवायचो. तिसऱ्या दिवशी गुरुवार होता. आई संध्याकाळी पुन्हा पूजेला बसते, हे मी साफ विसरलो.

"सहाण कुठं आहे?" आईचा आवाज देवघरातून आला. मग तिनं खिडकीतून बोळात पाहिलं. शेजारच्या गोदूकाकू बरोबर होत्या. त्यांच्या कानावर पडलं ते पेठेत पडलंच म्हणून समजा.

आई माझ्याकडे वळली. मी बावीस वर्षांचा बाप्या, मिसरूड फुटलेला. आणि माझी जीभ सुटली ती अशी: "मिस्त्रीनं घेतली असेल. खिडकीतून."

खिडकीपलीकडे घासण्याचा आवाज थांबला. मिस्त्री उठले, तिरके होऊन मागच्या दाराशी आले, आणि हात पुसत उंबऱ्याबाहेर उभे राहिले. माझ्याकडे त्यांनी एकदाच पाहिलं. सिलिंडरमध्ये बघत तसं, एक डोळा किंचित बारीक करून.

"व्हय माई. म्याच घेतली. चुकी झाली माझी."

आई पाटावर जाऊन बसली. गोदूकाकू मात्र 'बघा बाई!' म्हणत पदर सावरत निघाल्या.

मिस्त्रींनी काम अर्धवट टाकलं नाही. उरलेल्या रिंगा त्यांनी काचेच्या तुकड्यावर घासल्या, चारही सिलिंडरांत अमावस्या केली आणि गाडी चालती करून दिली. फक्त त्या दिवसापासून मी 'भाऊसाहेब'चा 'मालक' झालो.

वैशाखात आम्ही सांगलीला निघालो. कराड मागे पडलं, मलकापूर गेलं, उसाच्या हिरव्या भिंतींमधून गाडी चालली होती आणि इंजिन असं मऊ, असं निर्धास्त गात होतं की कुसुम मागच्या सीटवर डोळे पुसू लागली. "अगदी आप्पा चालवताहेत असं वाटतंय," ती म्हणाली. मामांनी विचारलं, "काय झकास काम केलंय रे! कुणी केलं?"

"केलं घरच्या घरीच," मी म्हणालो. लाज एकदा सोडली की दुसऱ्यांदा सोडावी लागत नाही.

लग्नाहून परत आलो तोवर पेठेनं आपलं काम केलं होतं. मिस्त्रींना कुणी अंगणात येऊ देईना. पुढे ते हिरवी पेटी घेऊन सांगलीला गेल्याचं कळलं. कुपवाडच्या बाजूला कुठल्याशा कारखान्यात लागले म्हणे. बहिणीकडे मी त्यानंतर पन्नासदा तरी गेलो असेन. कुपवाड तिथून हाकेवर. एकदाही पाऊल तिकडे वळलं नाही. मग एके वर्षी कळलं, मिस्त्री गेले.

आई गेल्यावर घर आवरताना सहाण सापडली. तिनं ती टाकली नव्हती. कोनाड्यात, त्या पालथ्या कपाशेजारी ठेवली होती. मी ती हातात घेऊन देवघरात आलो, काय मनात आलं कोण जाणे, आणि खिडकीच्या गजांना लावून पाहिली. आडवी लावली, उभी लावली. जाईना. अरे गाढवा, जिथून चहाचा कप गेला नाही तिथून सहाण कशी जाईल? ते गज आई रोज सकाळी पुसायची. तिला त्याच क्षणी कळलं होतं. आणि सूतभर फट नजरेनं मोजणाऱ्या मिस्त्रींना कळलं नसेल? खिडकीतून फक्त ऊन जातं, हे मला सांगणारे तेच. माझं खोटं तिथं उभ्या प्रत्येकाला दिसत होतं. ते झाकायला स्वतःची भाकरी पुढे केली एकट्या त्या माणसानं.

बोळात आजही ऊन बाराला उतरतं आणि गजांतून येऊन देवघरातल्या सहाणेवर पडतं. तिच्यावर तेलाचा एक फिकट गोल राहिला आहे. काळ सगळं घासून सपाट करतो म्हणतात. मिस्त्री, मी इतकी वर्षं घासतोय. अजून चंद्र दिसतोच आहे.