स्टॅमफर्डचा सरदार शरण येत नाही

सावनी अमेरिकेत नोव्हाय गावच्या शाळेत सातवीला इतिहास शिकवते. इंग्लंडच्या एडवर्ड राजाने डेन, म्हणजे वायकिंग, लोकांच्या ताब्यातला मुलूख कसा घेतला, यावर यंदा तिने छोटं नाटुकलं बसवलं. राजा होणारे शिक्षक ऐनवेळी तापाने आडवे झाले, डेन सरदार होणाऱ्या पालकांनी मीटिंगचं कारण पुढे केलं. शेवटी तिने आईबाबांनाच उभं केलं.

आई, शोभना, राजा झाली. बाबा, मनोहर, पस्तीस वर्षं गाड्यांचे ब्रेक डिझाइन करून नुकतेच रिटायर झालेले. ते सरदार. पुठ्ठ्याच्या स्टॅमफर्ड गावात बसायचं, राजाने हाक मारली की तलवार टाकायची, एवढंच काम.

शाळेच्या जिममध्ये साठ मुलं होती. बाबा पुठ्ठ्याच्या भिंतीमागून उभे राहताच टाळ्या पडल्या आणि तिथेच घोळ झाला. ब्रेकसाठी त्यांना कधी कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

"शरण या!" शोभना गरजली.

"नाही येत!"

"गो वायकिंग!" मुलं ओरडली.

सावनी बाजूने कुजबुजली, "बाबा, यू लूज! हिस्ट्री आहे ती!"

"हिस्ट्रीचं मी बघतो."

शोभनाने भिंत ढकलली. बाबांनी आतून खांदा लावला. दोन मिनिटं नुसती ढकलाढकली. मग तिला आठवलं, सावनी जेवताना म्हणाली होती की एडवर्डने नदीच्या अलीकडे आपलाच किल्ला बांधला आणि गाव आपोआप शरण आलं. तिने पहिल्या रांगेतल्या मुलांना हाक मारली. मुलांनी व्यायामाच्या गाद्या ओढत आणून समोर भिंत रचली. शोभना आत खुर्ची टाकून बसली.

"मी इथेच आहे हं, उद्यापर्यंत," ती म्हणाली. "शरण आलात तर जमीन तुमचीच. घरचं गॅरेजही. त्यातलं काहीच भंगार फेकणार नाही."

बाबांचं डोकं भिंतीच्या वर आलं. "जुने ब्रेक पॅडसुद्धा?"

"सुद्धा."

"सगळ्यांसमोर सांगतेयस हं, शोभना."

"अहो, या आता!"

तलवार खाली पडली. मुलांनी राजाची हुर्यो उडवली.

"जिंकले मी, आणि हुर्यो माझीच!" शोभना राजाची खोटी दाढी ओढून काढत म्हणाली.

बाबांना ऐकायला वेळ नव्हता. हात मोडलेली एक मुलगी सही घ्यायला प्लास्टर पुढे करून उभी होती. त्यांनी त्यावर ऐटीत सही ठोकली: मनोहर स्टॅमफर्डकर.