काकूंचा रंग

माझ्या खोलीच्या भिंती करड्या, पडदे करडे आणि कामाच्या दिवशी अंगावरचे कपडेही करडेच. फिल्मचे रंग ठरवताना आजूबाजूचा दुसरा रंग डोळ्यांत घुसता कामा नये, म्हणून. धाकटा भाऊ म्हणतो, "ताई, तुझ्याकडे आलं की पावसाळी ढगात बसल्यासारखं वाटतं." म्हणू दे. ज्याचं निम्मं आयुष्य पाण्याखाली गेलंय, त्याच्याशी कोण वाद घालणार!

तो समुद्राच्या तळाशी चित्रीकरण करतो. लोकांनी बघितलं की त्यांना माया वाटेल आणि माया वाटली की ते जपतील, हे त्याचं म्हणणं. या एका वाक्यावर त्याने पक्की नोकरी, ठरलेलं लग्न आणि डाव्या कानाचा पडदा ओवाळून टाकला. आई गेली तेव्हाही तिला हीच काळजी होती, की याचं कसं होणार.

खोल पाण्यात लाल रंग पोचतच नाही, सगळं निळं दिसतं. म्हणून तो आधी कॅमेऱ्यासमोर एक पांढरी पाटी धरतो. पांढरं म्हणजे हे, असं कॅमेऱ्याला सांगावं लागतं. उरलासुरला लाल मग मी इथे बसून परत आणते. मला पोहता येत नाही, भरलेल्या टाकीत डोकावतानाही मी कठडा धरते. त्यामुळे खालचे रंग मला माहीत आहेत ते त्याच्या तोंडून. तो शेजारी खुर्ची ओढून बसतो आणि माझं डोकं खातो. "अजून थोडा कमी, ताई. काकू लिपस्टिक लावत नाहीत." मग एकदाचं मनासारखं झालं की, "हं. आता बरोबर."

काकू म्हणजे एक प्रवाळ. खोलीएवढं, गोल गरगरीत, विटकरी लाल, आमच्या जन्माच्या कितीतरी आधीपासून तिथे ठाण मांडून बसलेलं. त्याच्या प्रत्येक फिल्ममध्ये त्या असतातच. तो घरी आला की मी त्याच्या तब्येतीच्या आधी काकूंची विचारते.

या खेपेला विचारायच्या आतच त्याने डिस्क टेबलावर ठेवली आणि चहा टाकायला निघून गेला. मी चित्रीकरण लावलं. पाटी कुठेच दिसेना. माझं डोकं फिरलं.

"पाटी कुठाय रे? इतकी वर्षं झाली, अजून तुझ्या मागे मागे फिरायचं का मी?"

"नेली होती," तो स्वयंपाकघरातून म्हणाला.

"मग?"

"लागली नाही. काकूंवरच कॅमेरा लावला."

आधी मला काही कळलंच नाही. पडद्यावर नुसतं पांढरं होतं. मग कॅमेरा मागे सरकला, कडेने दोन मासे गेले, आणि तो गोल गरगरीत आकार मी ओळखला.

तो कप घेऊन दारात उभा होता.

"गेल्या?" मी विचारलं.

"नाही गं. पाणी तापलं की प्रवाळ असं पांढरं पडतं. वेळेत निवलं तर सावरतात."

"आणि नाही निवलं तर?"

त्याने कप माझ्यापुढे ठेवला आणि कोरडाच असलेला डायव्हिंगचा चष्मा पुसत बसला.

तेवढ्यात फिल्म दाखवणाऱ्या टीव्ही वाहिनीच्या साहेबांचा त्याला फोन आला, त्याने तो स्पीकरवर टाकला. कच्ची फिल्म त्यांनी पाहिली होती. "फारच सुरेख हो! फक्त जरा फिकट वाटतंय. ताईंच्या हातात जादू आहे, थोडा रंग भरायला सांगा. पण संध्याकाळपर्यंत हवं, नाहीतर दुसरी फिल्म लावावी लागेल."

आता हा साहेबांची सालटी काढणार, असं मला वाटलं. तर हा म्हणाला, "बघतो." आणि फोन ठेवून माझ्याकडे वळला. "भर, ताई."

"तू सांगतोयस हे? तू?"

"पाठवायला नाही. मला काकू बघायच्यात."

मी भरला. तो रंग माझ्या हातात इतका बसलाय की जुनं काही उघडून बघावं लागलं नाही. विटकरी, त्यात किंचित जांभळट, कडेला उजळ. काकू हळूहळू परत आल्या. तो खुर्ची ओढून शेजारी बसला, पडद्याजवळ वाकला आणि सवयीने म्हणाला, "अजून थोडा कमी, ताई."

आणि तोंडावर हात धरून ढसाढसा रडायला लागला. माझ्याही डोळ्यांना धार लागली.

"राहू दे जरा," तो म्हणाला. "मी सांगितलं की काढ."

मी बटणावर हात ठेवून बसले. चहावर साय धरली. साहेबांचा फोन पुन्हा वाजला आणि वाजून थांबला. त्याची नजर पडद्यावरून हलेना. मला तर वाटत होतं, राहूच दे हा रंग. फिल्म लागेल, लोक काकूंना बघून खूश होतील, याची इतक्या वर्षांची मेहनत वाया जाणार नाही. पण काकूंचं काय झालंय, ते मग कोणालाच कळणार नव्हतं. सगळे निवांत झोपले असते.

शेवटी मीच रंग काढायला घेतला, थोडा थोडा करून. त्याने अडवलं नाही. लहानपणी रस्ता ओलांडताना धरायचा तशी माझी बाही तेवढी घट्ट धरून ठेवली.

सगळं पांढरं झालं तेव्हा तो म्हणाला, "हं. आता बरोबर."